विनावेतन, पण विनाखर्च नव्हे : आरोग्यसेवेतील स्वयंसेवक

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्चाचे वाचन सुरू असताना संस्थेच्या एका ज्येष्ठ देणगीदारांनी उभे राहून प्रश्न विचारला. खर्चाच्या बाजूला 'स्वयंसेवक : प्रशिक्षण व देखरेख' हे स्वतंत्र शीर्ष पाहून ते म्हणाले, 'जी माणसे पगारच घेत नाहीत, त्यांच्यावर खर्च कसला?' सभेपुढे विषय बरेच होते. कोषाध्यक्षांनी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि पुढील विषय पुकारला गेला. ते उत्तर अपुरे होते, ही रुखरुख आम्हांला वर्षभर राहिली.

याच प्रश्नाची दुसरी बाजू रुग्णांचे नातेवाईक आम्हांला रोज दाखवितात. निळा ॲप्रन घातलेल्या या बाई कोण? सिस्टर म्हणायचे की मावशी? त्यांना दुखणे सांगायचे की नाही? त्यांच्या हातात काही ठेवायचे असते का? देणगीदारांचा प्रश्न हिशेबाचा आणि नातेवाइकांचा प्रश्न ओळखीचा. परंतु दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. स्वयंसेवकाकडून आरोग्यसेवेत नेमके कोणते काम होते, कोणते होऊ शकत नाही आणि ते होण्यासाठी त्याच्या पाठीशी काय उभे असावे लागते, हे जगाने गेल्या दीडशे वर्षांत बरीच किंमत मोजून शिकून घेतले आहे. त्यातील काही अनुभव येथे मांडण्याचे योजिले आहे.

दयेला व्यवस्थेची जोड

जून १८५९ मध्ये उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. व्यापाराच्या कामासाठी त्या भागात आलेले जीनिव्हाचे हेन्री ड्यूनांट हे गृहस्थ लढाईनंतर जवळच्या कास्तिल्योने गावात पोहोचले, तेव्हा तेथील चर्च आणि घरे जखमी सैनिकांनी भरून गेली होती. गावातील स्त्रियांनी हा आपला, तो परका असा भेद न करता पाणी पाजले, जखमा धुतल्या, मरणाऱ्यांच्या उशाशी बसल्या. ड्यूनांट यांनी १८६२ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्यातून रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली, हे अनेकांना ठाऊक असते. त्यांनी नेमके काय सुचविले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. कास्तिल्योनेच्या स्त्रियांच्या दयेत काही उणे नव्हते. उणे होते ते शिक्षण, साहित्य आणि पूर्वतयारी. म्हणून शांततेच्या काळातच प्रत्येक देशात स्वयंसेवकांच्या संस्था स्थापन कराव्यात, त्यांना शिकवून तयार ठेवावे, अशी त्यांची सूचना होती. आमच्या जमाखर्चातील त्या शीर्षाचे मूळ शोधायचे झाले तर ते तेथवर जाते.

महाराष्ट्राला या संदर्भात स्मरण होते ते सावित्रीबाई फुले यांचे. १८९७ च्या प्लेगात त्यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या समवेत पुण्याच्या परिसरात रुग्णांची शुश्रूषा केली. त्याच रोगाचा संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. या बलिदानापुढे आपण सर्वजण नतमस्तक होतो. परंतु आज रुग्णालय चालविणाऱ्यांनी या घटनेकडे आणखी एका नजरेने पाहिले पाहिजे. जो सेवा करावयास येतो तो आपला जीवही घेऊन येतो, आणि त्या जिवाची जबाबदारी ज्याच्या दारी तो येतो त्याची असते. पश्चिम आफ्रिकेत २०१३ अखेरीपासून २०१६ पर्यंत इबोलाच्या साथीत अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली. मृतदेहाला स्नान घालण्याच्या रिवाजातून रोग पसरत होता. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या देशांत रेडक्रॉसच्या स्थानिक स्वयंसेवकांनी अंगभर संरक्षक पोशाख चढवून, रोज नव्या घरी जाऊन, शोकाकुल कुटुंबाची समजूत घालून सुरक्षित दफने केली. त्यांच्यापैकी कित्येकांना रोगाच्या भीतीने त्यांच्याच घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी दूर लोटले. काही ठिकाणी पथकांवर हल्लेही झाले. पोशाख, हातमोजे, निर्जंतुकीकरण आणि घरी परतल्यावर मनाला आधार देणारे कोणी तरी, यांपैकी एकही गोष्ट फुकट मिळत नाही.

काम सोपे करून देणे

स्वयंसेवकाच्या हातून मोठे काम केव्हा होते, याचे आम्हांला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण १९७१ सालचे, आपल्या शेजारच्या बंगालमधील आहे. पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले होते. छावण्यांत पटकी पसरली. सीमेवरच्या बनगाव येथील रुग्णालयात डॉ. दिलीप महालनबीस हे तरुण डॉक्टर पोहोचले, तेव्हा दोन खोल्यांच्या जमिनीवर, जुलाब-वांत्यांच्या घाणीतच, रुग्ण दाटीवाटीने पडलेले होते. शिरेतून सलाईन द्यावे तर बाटल्या संपत आलेल्या. सलाईन लावणारे कुशल हात त्याहूनही थोडे. मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पाजले तर तेच काम होते, हे संशोधनातून दिसून आले होते; पण रुग्णालयाच्या चार भिंतींतले ते ज्ञान अशा कल्लोळात वापरण्याचे धाडस कोणी केले नव्हते. महालनबीस यांनी ते केले. कलकत्त्यात मिश्रण मोजून पिशव्या भरल्या गेल्या, बनगावला तोटीच्या पिंपांतून ते पाणी तयार ठेवले गेले, आणि पाजण्याचे काम सोपविले गेले रुग्णांच्या आईबापांवर, भावंडांवर, जो कोणी जवळ बसला असेल त्याच्यावर. पेला रिकामा झाला की पुन्हा भरून आणायचा, रुग्णाने ओकले तरी थोड्या वेळाने पुन्हा पाजायचे, एवढीच सूचना.

आधी या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते. या पद्धतीने उपचार झालेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांमध्ये ते शेकडा ३.६ वर आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या हकिकतीत नातेवाइकांचे कष्ट महत्त्वाचे आहेतच, पण त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांच्यामागची तयारी. मिश्रणाचे प्रमाण तज्ज्ञांनी ठरविले होते. पिशव्या आधीच मोजून भरलेल्या होत्या. कोणाला तोंडावाटे पाजून चालणार नाही, शिरेतूनच सलाईन द्यावे लागेल, हे डॉक्टर पाहत होते. अप्रशिक्षित माणसाच्या वाट्याला उरले ते फक्त असे काम, जे चुकण्याची शक्यता अगदी थोडी आणि न करण्याचे परिणाम मात्र प्राणघातक. आमच्या मते स्वयंसेवकाला काम देण्याची याहून चांगली कसोटी नाही.

नारू हा रोग आमच्या वाचकांपैकी साठीच्या पुढच्या मंडळींनी पाहिला असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांत तो हमखास असे. पायातून बोटभर, हातभर लांबीचा जंतू काडीला गुंडाळून हळूहळू बाहेर काढावा लागे. या रोगावर लसही नाही आणि औषधही नाही. तरीही १९८६ च्या सुमारास जगात दरवर्षी पस्तीस लाख लोकांना होणारा हा रोग २०२३ साली अवघ्या १४ माणसांत आढळला. भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला. हे घडले ते पाणी कापडातून गाळायला शिकविणाऱ्या, नारू झालेल्या माणसाला तळ्या-विहिरीत पाय बुडवू न देणाऱ्या आणि प्रत्येक रुग्णाची वर्दी देणाऱ्या गावोगावच्या कार्यकर्त्यांमुळे. या कामात डॉक्टरला फारसे काही करण्यासारखे नव्हतेच. पाणवठ्यावर रोज उभे राहणारे, गावाला नावानिशी ओळखणारे माणूस हवे होते.

ओळख हेच ज्या कामाचे भांडवल असते, ते काम नेपाळमध्ये गेली पस्तीसहून अधिक वर्षे चालू आहे. तेथील सरकारने १९८८ पासून गावागावांत महिला आरोग्य स्वयंसेविका निवडण्यास सुरुवात केली. आज त्यांची संख्या पन्नास हजारांच्या वर आहे. त्यांची निवड गावातील मातांचा गट करतो. पगार नाही, गणवेशाचा भत्ता आणि प्रशिक्षणाच्या दिवसांचा खर्च मिळतो. वर्षातून दोनदा, वैशाख आणि कार्तिक या महिन्यांत, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्या 'अ' जीवनसत्त्व पाजतात. एक वर्षाच्या आतील मुलांसाठी निळी कॅप्सूल, त्यावरील मुलांसाठी तांबडी. कात्रीने टोक कापायचे, थेंब मुलाच्या तोंडात पिळायचे, वहीत खूण करायची. सर्लाही जिल्ह्यात झालेल्या आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या थेंबांनी बालमृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. गाडीरस्ता नसलेल्या डोंगरी वाड्यांवर हे थेंब पोहोचवणे पगारी कर्मचाऱ्यांच्या बळावर नेपाळला परवडण्यासारखे नव्हते, हे उघड आहे. पण कॅप्सूल वेळेवर आली नाही तर तीच बाई गावात खोटी ठरते, हेही तितकेच उघड आहे. स्वयंसेविकेची पत ही अखेर तिच्या पाठीमागच्या गोदामाची पत असते.

महाराष्ट्रात ही वाट त्याही आधी चोखाळली गेली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये जामखेड येथे (अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) आपला प्रकल्प सुरू केला. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात मुक्कामाला राहीनात, आणि राहिल्या तरी गावाला परक्याच वाटत. म्हणून त्यांनी गावातल्याच स्त्रिया निवडल्या. त्यांपैकी पुष्कळजणी निरक्षर होत्या, अनेकजणी दलित समाजातील होत्या. बाळंतपण, लहान मुलांचे पोषण, स्वच्छता, क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे हे त्या शिकल्या. ज्या घरात त्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, त्याच घरातील सुनेच्या बाळंतपणाला त्यांना सन्मानाने बोलावले जाऊ लागले. या आरोग्यसेविकांनी औषधाइतकाच जातीच्या भिंतीवरही इलाज केला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे शिकायला आज जगभरातून लोक येतात. आम्ही मात्र आपल्या शहरात 'शिकलेले, चांगल्या घरचे' स्वयंसेवक शोधण्यात बरीच वर्षे घालविली, हे येथे कबूल केले पाहिजे. त्याविषयी पुढे येईलच.

वेतनाचा प्रश्न

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग सर्वच काम स्वयंसेवकांकडून करून घ्यावे. देणगीचा पैसा यंत्रसामग्रीला वापरता येईल. याला आमचा स्पष्ट विरोध आहे, आणि त्याची कारणेही जगाच्या अनुभवातच आहेत.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकविले. श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे, इतके त्या शिकल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. या यशाचा उल्लेख करताना लोक एक गोष्ट विसरतात. या स्त्रियांना त्यांच्या कामाचा मोबदला दिला जात होता, आणि त्यांच्या कामावर नियमित देखरेख होती. इतक्या जोखमीचे आणि रोजचे काम केवळ सद्भावनेवर सोपविले गेले नव्हते.

याउलट चित्र 'आशा' ताईंचे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली. कागदावर आशा ही स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. प्रत्यक्षात गरोदर मातांची नोंद, लसीकरणाची आठवण, क्षयरुग्णाच्या गोळ्या आणि सर्वेक्षणे असा तिचा दिवस भरलेला असतो. करोनाच्या काळात तर दारोदार जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजण्याचे काम तिच्यावर आले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. आणि २०२१ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते की, सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांना त्यांच्या कामाच्या प्रमाणात वेतन द्यावे, आणि केवळ कामागणिक प्रोत्साहन रकमेवर त्यांना अवलंबून ठेवू नये. आठवड्यातून तीन-चार तास देणारी व्यक्ती स्वयंसेवक असते. पूर्ण दिवस राबणाऱ्या, चुकल्यास जाब द्यावा लागणाऱ्या गरीब स्त्रीला स्वयंसेविका म्हणणे म्हणजे तिचे वेतन सौजन्याच्या भाषेत बुडविणे होय.

मग सर्वच सेवेला पैसे द्यावेत काय? तसेही नाही. रक्ताचे उदाहरण घ्या. रिचर्ड टिटमस या इंग्रज अभ्यासकाने १९७० मध्ये दाखवून दिले की, जेथे रक्त विकत घेतले जाते, तेथे रक्त विकणाऱ्याला आपला आजार लपविण्याचे कारण मिळते. आपल्या देशातही पैसे घेऊन वारंवार रक्त देणाऱ्यांची एक दुर्दैवी जमात होती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर, १ जानेवारी १९९८ पासून अशा रक्तदानावर बंदी आली. रक्तदान ही वर्षातून दोन-तीनदा, अर्ध्या तासात पार पडणारी गोष्ट आहे; तिची किंमत ठरविली की तिचा कस जातो. नवजात बाळाला रात्री दोन वाजता इंजेक्शन देणे ही तशी गोष्ट नव्हे. कोणते काम दानात यावे आणि कोणते वेतनात, हे कामाचा भार आणि जोखीम पाहून ठरवावे लागते. संस्थेची तिजोरी पाहून ते ठरवू नये.

केवळ उत्साहाच्या जोरावर काय होते, याचा धडा इंग्लंडने घेतला. मार्च २०२० मध्ये तेथील सरकारी आरोग्यसेवेने करोनाकाळासाठी अडीच लाख स्वयंसेवकांना आवाहन केले. काही दिवसांतच साडेसात लाख लोकांनी नावे नोंदविली. अनेकांना कित्येक आठवडे कामच मिळाले नाही. माणसे तयार होती. त्यांना योग्य दारापर्यंत नेणारी यंत्रणा त्या वेगाने उभी राहिली नव्हती.

आपल्या रुग्णालयात

आता आमच्या घरच्या गोष्टीकडे वळतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे स्वयंसेवकांना प्रशिक्षण असे नव्हतेच. ज्यांना वेळ आहे त्यांनी यावे, वॉर्डात फिरावे, चार गोड शब्द बोलावेत, अशी पद्धत होती. एके सकाळी शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या एका वृद्ध आजींनी पाणी मागितले. आमच्या स्वयंसेविकेला त्यांचा कोरडा घसा पाहवला नाही. तिने पेलाभर पाणी दिले. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीवर ढकलावी लागली. गावाहून आलेल्या त्यांच्या मुलांना आणखी एक रात्र जिन्याखाली काढावी लागली, एकाचा रोज बुडाला. आम्ही त्यांची क्षमा मागितली. स्वयंसेविका तर रडवेली झाली आणि पुन्हा आलीच नाही. त्या भल्या बाईंना दोष देणे अन्यायाचे होते. रुग्णाच्या पायथ्याशी लटकविलेल्या पाटीचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता, आणि तो सांगणे आमचे काम होते.

त्यानंतर आम्ही केरळच्या अनुभवाचा अभ्यास केला. कोझिकोड येथे १९९३ मध्ये वेदनाशमन आणि परिहार सेवेचे काम सुरू झाले. असाध्य आजारातील माणसाला औषधाइतकीच सोबतीची, घरच्यांना धीराची आणि कधी महिन्याच्या किराण्याची गरज असते, हे तेथील डॉक्टरांच्या लक्षात आले. २००१ पासून मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचेच गट बांधले गेले. दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी त्यांत आले. पण त्यांना थेट रुग्णाच्या घरी पाठविले जात नसे. आधी सोळा तासांचे वर्ग आणि मग चार दिवस प्रत्यक्ष रुग्णांसमवेत, जाणकारांच्या नजरेखाली काम. शुश्रूषेसाठी परिचारिका आणि औषधासाठी डॉक्टर हे गटाच्या पाठीशी असत. २००८ मध्ये केरळ सरकारने परिहार सेवेचे धोरण जाहीर केले, त्यामागे या शेजाऱ्यांचे बळ मोठे होते.

आमची पद्धत त्याच धर्तीवर, आमच्या कुवतीप्रमाणे आखलेली आहे. निळा ॲप्रन घातलेली व्यक्ती म्हणजे प्रशिक्षण पूर्ण केलेला स्वयंसेवक. ती आपल्याला क्ष-किरण विभागाची वाट दाखवील, एकट्या पडलेल्या आजोबांजवळ बसेल, घरी सोडतानाचा कागद मोठ्याने वाचून दाखवील. औषध, इंजेक्शन, जखम, खाणेपिणे आणि रुग्णाला उचलणे या गोष्टींना ती सिस्टरना विचारल्यावाचून हात लावणार नाही, आणि 'आजार बरा होईल का' या प्रश्नाला उत्तर देणार नाही. हा कोरडेपणा समजू नये; तसे तिला शिकविलेलेच आहे. तिला पैसे देऊ नयेत. आणि आपल्या रुग्णाविषयी ती बाहेर अवाक्षर काढणार नाही, याची लेखी हमी आम्ही तिच्याकडून घेतलेली असते. स्वयंसेवक आपल्याच गल्लीतला असला की विश्वास लवकर बसतो, तसाच क्षयरोगाचा किंवा एचआयव्हीचा बभ्राही लवकर होऊ शकतो. म्हणून या हमीचा आम्ही फार आग्रह धरतो.

या स्वयंसेवकांचे सर्वांत उपयुक्त काम बहुधा देणगीदारांच्या नजरेस कधीच पडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. ही योजना भिंतीवर लिहिलेली असते. पण ज्या घरातला कर्ता माणूस अतिदक्षता विभागात आहे, त्या घरातले लोक भिंती वाचत नाहीत. शिधापत्रिका गावी राहिलेली असते, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढलेला नसतो, आणि विचारायला संकोच वाटतो. अशा वेळी कोणी शेजारी बसून 'ताई, तुमचा कागद मी बघू का?' असे विचारले, तर दागिने गहाण टाकण्याची पाळी टळते. हे विचारणारी माणसे आम्हांला आता मिळू लागली आहेत ती वस्त्यांमधून. पूर्वी ज्या अडचणीत त्या स्वतः सापडल्या होत्या, त्या अडचणीची भाषा त्यांना येते. परंतु त्यांना येण्याजाण्याचे बसभाडे पदरचे परवडत नाही. ते आम्ही देतो, आणि देणगीदारांनी विचारलेल्या त्या शीर्षाखालील एक रक्कम ही आहे. उरलेल्या रकमेत कावीळ-ब ची लस, ॲप्रन व ओळखपत्रे, वर्गांतील साहित्य आणि चहा, तसेच स्वयंसेवकांच्या शंका रोज ऐकून घेणाऱ्या एका पगारी समन्वयकाचे वेतन येते. शेवटची बाब सर्वांत मोठी आहे आणि तिच्यात काटछाट करण्याचा आमचा विचार नाही.

विश्वस्तांसाठी एक नोंद येथे आवश्यक वाटते. गेल्या पावसाळ्यात तापाच्या रुग्णांनी वॉर्ड भरून गेले असताना दोन परिचारिका रजेवर होत्या. रात्रपाळीला अनुभवी स्वयंसेवकांना बसवावे, अशी सूचना आमच्यातूनच पुढे आली. हेतू चांगला होता आणि स्वयंसेवकही तयार होते. चर्चेअंती आम्ही ती सूचना नाकारली आणि तात्पुरत्या परिचारिका नेमल्या. त्यापायी झालेला जादा खर्च ताळेबंदात दिसेल. रात्री तीन वाजता रुग्णाचा श्वास बदलला तर तो ओळखणारी व्यक्ती प्रशिक्षित आणि उत्तरदायी असलीच पाहिजे. स्वयंसेवकाला त्या खुर्चीत बसविणे हा रुग्णावर आणि त्या स्वयंसेवकावरही अन्याय झाला असता.

पुढील तुकडीचे वर्ग दिवाळीनंतर सुरू होतील. आठवड्यातून एक सकाळ किंवा एक दुपार, सलग वर्षभर देऊ शकतील अशांनीच नावे द्यावीत, अशी विनंती आहे. दोन महिन्यांनी येईनासा झालेला स्वयंसेवक रुग्णाला जास्त एकटे करून जातो. शिक्षणाची अट नाही. पूर्वी आपल्याकडे उपचार घेतलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना प्राधान्य देण्यात येईल. नावे तळमजल्यावरील समाजसेवा विभागात सकाळी नोंदविता येतील. सभेत प्रश्न विचारणाऱ्या आमच्या ज्येष्ठ देणगीदारांनी पहिल्या दिवशीच्या वर्गास उपस्थित राहण्याचे मान्य केले आहे. शेवटच्या रांगेत बसून ऐकेन, असा त्यांचा निरोप आहे.